बोले ठराव कागदावरच राहिला का?

दादरला उतरून सिद्धिविनायकाकडे चालत जाणाऱ्या कर्जत-खोपोलीच्या माणसाला एस. के. बोले मार्ग ठाऊक असतो. हे बोले कोण, असे विचारले तर ज्यांनी चवदार तळ्याचा इतिहास वाचला आहे तेच काही सांगू शकतात, आणि तेही बहुधा एकच वाक्य सांगतात: बोले यांनी १९२३ साली मुंबई कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव आणला, पण तो कागदावरच राहिला, चार वर्षांनी बाबासाहेबांनी महाडला तो अमलात आणला. २० मार्चच्या सभांतून आणि शाळांतल्या भाषणांतून हे वाक्य इतके फिरले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. ते तपासायला हवे. त्याचा उत्तरार्ध निःसंशय खरा आहे. पूर्वार्ध मात्र अर्धाच खरा आहे, आणि त्या अर्ध्या सत्यापायी एका कायदेकर्त्याची आयुष्यभराची कामगिरी आणि महाडच्या लढ्यातला एक महत्त्वाचा धागा, दोन्ही झाकले गेले आहेत.

आधी पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीनिशी मांडतो, कारण तो दुबळा नाही. कौन्सिलातला ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस. तो मोडला म्हणून कुणाला दंड होत नव्हता की तुरुंग. ११ सप्टेंबर १९२३ ला सरकारने आदेश काढला, त्यात स्वतःच्या खात्यांना अंमलबजावणी करायला सांगितले. नगरपालिका आणि लोकल बोर्डांना मात्र कलेक्टरांमार्फत नुसता सल्ला दिला. ज्या महाड नगरपालिकेने ठराव मान्य करून तळे खुले केल्याचे जाहीर केले, तिथेही तीन वर्षे एकाही अस्पृश्याला पाणी घेता आले नाही. पुढे मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० साली अहवाल दिला, त्यातूनही हेच दिसले की गावोगावच्या सार्वजनिक विहिरी दलितांना बंदच आहेत. एवढा पुरावा समोर असताना ठरावाने काय साधले, हा प्रश्न रास्त आहे.

उत्तर देण्यापूर्वी माणूस पाहू. सीताराम केशव बोले यांचा जन्म १८६९ चा, मृत्यू १९६१ चा. ते भंडारी समाजातले. मुंबईच्या गिरणगावात कामगार हितवर्धक सभा उभी करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. कामगारांची संघटना हा शब्दच जेव्हा नवा होता तेव्हाचे ते काम. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या कौतुकाची सभा भरली. त्या सभेचे अध्यक्ष बोले होते. केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्याच सभेत त्या मुलाला दिले, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. अध्यक्षाच्या खुर्चीत कोण होते हे फारसे कुणी सांगत नाही. १९१९ च्या सुधारणा कायद्याने मताधिकार वाढला, प्रांतिक कौन्सिलात लोकनियुक्त सभासदांचे बहुमत आले, आणि त्या नव्या कौन्सिलात बोले जाऊन बसले.

कायदा आणि ठराव यांतला फरक त्यांना कळत नव्हता असे समजणे चुकीचे ठरेल. पुरावा म्हणून १९२६ चा कायदा पाहावा. त्याआधी गावातल्या एखाद्या ब्राह्मणेतर कुटुंबाने जोशाला न बोलावता स्वतःच्या माणसाकडून लग्न लावले, तरी वतनदार जोशी आपल्या दक्षिणेचा हक्क सांगून कोर्टात जाऊ शकत होता. धर्मविधी केला नाही तरी त्याचे पैसे मागण्याचा हा हक्क बोले यांनी आणलेल्या विधेयकातून रद्द झाला. सत्यशोधकांनी अनेक वर्षे ज्याविरुद्ध सभा घेतल्या ती गोष्ट एका सभासदाने कलमे लिहून संपवली. कोकणातल्या खोतीविरुद्धही त्यांनी कौन्सिलात विधेयक मांडले होते. म्हणजे विधेयक कसे लिहायचे, कुठे अडते, सरकारी बाकांवरून काय हरकती येतात, हे सगळे त्यांच्या अनुभवातले होते. मग पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी ठराव का निवडला?

याचे उत्तर त्या वेळच्या राज्ययंत्रात आहे, असा माझा तर्क आहे. द्विदल राज्यपद्धतीत स्थानिक स्वराज्य हे सोपीव खाते होते, म्हणजे त्याचा मंत्री कौन्सिलला जबाबदार होता. विहिरी, तळी, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा बहुतांशी नगरपालिका व लोकल बोर्डांच्या ताब्यात. १९२३ सालीच नवा लोकल बोर्ड कायदा झाला आणि या संस्थांना अधिक मोकळीक मिळाली. प्रत्येक गावची विहीर उघडायची तर मुंबईहून एक हुकूम सोडून भागणार नव्हते. ती ज्या संस्थेच्या मालकीची त्या संस्थेला आपल्या सभेत हात वर करून होय किंवा नाही म्हणायला लावणे आवश्यक होते. ठरावाने नेमके तेच केले. तोवर हा विषय चालीरीतीचा होता आणि चालीरीत कुणाच्या मतदानाने ठरत नव्हती. ४ ऑगस्ट १९२३ ला बोले ठराव झाल्यानंतर तो मतदानाचा विषय झाला.

ठरावाचा मसुदा त्याहून मोलाचा आहे. त्याने कुठल्या देवाचा, शास्त्राचा किंवा माणुसकीचा दाखला दिला नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. कसोटी एकच: पैसा कुणाचा? ज्या खजिन्यात सगळ्यांनी भर घातली त्यातून उभे राहिलेले पाणी सगळ्यांचे.

ही कसोटी आमच्या कर्जत-खालापूरसारख्या तालुक्यांत किती खोल जाते ते पाहावे. कर्जत तालुका १८९१ साली ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यात आला. महाड त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे १९२३ चा सरकारी सल्ला ज्या अलिबागच्या कलेक्टर कचेरीतून महाडला गेला, त्याच कचेरीच्या अखत्यारीत आमची गावे होती. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो आणि एप्रिल उजाडला की डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन निघतात. पाणी साठवायचे तर विहीर हवी, आणि काळ्या पाषाणात विहीर खणणे गरीब माणसाच्या आवाक्याबाहेरचे. त्यामुळे इथल्या पाण्याचा इतिहास म्हणजे विहीर कुणी खणली याचा इतिहास. काही वाडीतल्या, खासगी. काही जुन्या, देवळाशेजारच्या. आणि काही लोकलफंडाच्या. लोकलफंड म्हणजे जमीन महसुलाच्या रुपयामागे आण्याने घेतलेली पट्टी. ती खातेदार भरत असे, पण कुळाच्या खंडातून आणि मजुराच्या घामातूनच ती निघत असे. ज्यांच्या श्रमातून विहीर झाली त्यांनाच तिच्या काठावर चढता येत नव्हते, ही विसंगती बोलेंच्या मसुद्याने पहिल्यांदा सरकारी भाषेत उघडी केली.

याच वर्षांत आमच्या घाटाखाली दुसरे पाणी वाहू लागले होते. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले, १९२२ साली भिवपुरीचे. लोणावळ्याच्या आणि आंध्रा तलावाच्या पाण्याने नळातून उतरत मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, आणि खाली पाताळगंगा व पेज या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहिल्या. हजारो कोसांवरून यंत्रे आणून सह्याद्रीचे पाणी वळवण्याइतका पराक्रम ज्या काळाने दाखवला, त्याच काळाला गावच्या विहिरीवरचा एक पोहरा दुसऱ्याच्या हाती देणे जमत नव्हते. बोले यांचा ठराव भिवपुरीच्या वीजकेंद्रानंतर एका वर्षाने आला, ही गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते.

आता महाडकडे वळतो, कारण वादाचा निकाल तिथेच लागतो. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. हा ठराव बोले ठरावाचे अपत्य. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषद संपताना अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाऊन पाणी पिण्याची गोष्ट काढली, तेव्हा तिचा आधार हाच होता: नगरपालिकेने तळे खुले केले आहे, आपण फक्त तो हक्क वापरायचा आहे. मोर्चा निघाला, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, नंतर मंडपावर हल्ला झाला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचे दोन प्रसंग कमी सांगितले जातात, आणि कागदावरच राहिला म्हणणाऱ्यांना उत्तर त्या दोन प्रसंगांत आहे.

पहिला प्रसंग नगरपालिकेतला. ४ ऑगस्ट १९२७ ला महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. योगायोगाने तीच तारीख, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झालेली. कागदाला किंमत नव्हती तर तो रद्द करण्याचा खटाटोप कशाला? नुसती लाठी पुरेशी असती, आणि मार्चमध्ये लाठी चालवून झालीच होती. तरीही सनातनी मंडळींना सभागृहात बसून मते मोजावी लागली, कारण तो कागद उभा असेपर्यंत तळ्यावर जाणारा माणूस हक्काने जात होता आणि त्याला अडवणारा गैरकायदा वागत होता. एखाद्या दस्तऐवजाचे वजन त्याच्या मित्रांच्या भाषणांपेक्षा त्याच्या शत्रूंच्या धडपडीवरून अधिक अचूक कळते.

दुसरा प्रसंग कलेक्टर कचेरीतला. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रहापूर्वी महाडच्या सवर्णांनी जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे मनाई हुकूम मागितला. १४४ कलमाखाली असा हुकूम काढणे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातचा मळ होता. शांतताभंगाचे कारण सांगून तो कुठेही निघत असे. इथे तो निघाला नाही. तळे सार्वजनिक आहे, अस्पृश्यांना तिथे जाण्यापासून मी कायद्याने रोखू शकत नाही, दिवाणी कोर्टात जा, अशी भूमिका अधिकाऱ्याने घेतली. स्वतःच्या कौन्सिलचा ठराव आणि स्वतःच्या सरकारचा सप्टेंबर १९२३ चा आदेश फायलीत असताना त्याला दुसरी भूमिका घेणे अवघड होते, असे मला वाटते. परिणामी सवर्णांना १२ डिसेंबरला दावा लावावा लागला आणि १४ तारखेला तात्पुरती मनाई मिळवावी लागली. लढाई रस्त्यावरून न्यायालयात गेली. बाबासाहेबांनी त्या डिसेंबरात तळ्यावर जाणे थांबवले, मनुस्मृतीचे दहन झाले, आणि दहा वर्षे खटला चालला.

त्या खटल्यात वाद कशावर झाला? वादींचे म्हणणे दोन मुद्द्यांवर होते: तळे खासगी मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांनी त्याचे पाणी न घेण्याची अनादि चाल आहे. महाडच्या कोर्टाने जून १९३१ मध्ये, ठाण्याच्या अपील कोर्टाने जानेवारी १९३३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला निकाल दिला. तळे नगरपालिकेत निहित आहे आणि अनादि चाल सिद्ध झालेली नाही, असे ठरले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उच्च न्यायालयाने आपला निकाल बोले ठरावावर उभारला नाही. तो मालकीच्या कायद्यावर आणि चालीच्या पुराव्यावर उभा आहे. म्हणून ठरावामुळे खटला जिंकला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल आणि मी ते म्हणत नाही. पण प्रश्न कोणता विचारला गेला ते पाहा. हे पाणी सार्वजनिक की खासगी? हाच १९२३ च्या मसुद्याचा प्रश्न. खोपोलीच्या नाना फडणवीसांच्या तळ्यासारखी जुनी तळी कोकणात ठिकठिकाणी आहेत. अशा तळ्याचा धनी कोण, हे ठरल्याशिवाय त्यावरचा हक्क ठरत नाही, हे बोले यांनी कोर्टाच्या चौदा वर्षे आधी ओळखले होते.

पूर्वपक्ष आणखी एका ठिकाणी तोकडा पडतो. तो १९२३ वर थांबतो. बोले थांबले नाहीत. स्थानिक संस्था टाळाटाळ करतात हे दिसल्यावर ५ ऑगस्ट १९२६ ला ते पुन्हा उभे राहिले आणि जी नगरपालिका वा लोकल बोर्ड ठराव अमलात आणणार नाही तिला सरकारने अनुदान देऊ नये, असा ठराव त्यांनी मांडला. लोकल बोर्डांच्या शाळा सरकारी अनुदानावर चालत. दुखणे नेमके कुठे आहे हे ओळखून तिथेच बोट ठेवणारा हा सभासद होता. सरकारने हे हत्यार नेटाने वापरले नाही, हा दोष सरकारचा. वैद्याने दिलेले औषध रोग्याच्या घरच्यांनी फळीवर ठेवले तर वैद्याला नालायक ठरवत नाहीत.

ठरावाच्या मर्यादा मला दिसत नाहीत असे नाही. खासगी विहिरीला त्याने हात लावला नाही, आणि कोकणातल्या लहान गावांत पाटलाची किंवा खोताची विहीर हीच बारमाही विहीर असे. अशा गावांत या मसुद्याने काहीच बदलले नाही. शिवाय संस्थांनी एक पळवाट शोधली: महारवाड्यासाठी निराळी विहीर खणून द्यायची आणि प्रश्न सुटला म्हणायचे. अशा वेगळ्या विहिरींनी तहान भागली, पण पैसा सर्वांचा तर पाणी सर्वांचे हे तत्त्व बाजूला राहिले. आदिवासी वाड्यांचा, आमच्याकडच्या ठाकर-कातकऱ्यांचा, विचारही त्या ठरावात स्वतंत्रपणे आला नाही. या उणिवा मान्य करूनही ठराव निष्फळ होता असा निष्कर्ष निघत नाही.

कारण तो मसुदा पुढे गेला. १९४६ च्या मुंबई प्रांताच्या हरिजन कायद्याने सार्वजनिक पाणवठ्यांवरची अडवणूक हा गुन्हा ठरवला. आणि राज्यघटनेचे १५ वे कलम उघडून पाहा. त्याच्या दुसऱ्या उपकलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा, ज्या पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशातून राखल्या जातात किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या आहेत, त्यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असे म्हटले आहे. सार्वजनिक पैसा ही कसोटी इथे पुन्हा भेटते, आणि अर्पण केलेल्या जागांचा उल्लेख आल्याने १९२३ च्या मसुद्यात राहिलेली एक फटही बुजली. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते आणि त्यांनी दहा वर्षे कोणत्या तळ्याचा खटला लढवला होता, हे वाचकाला सांगायला नको. घटनेतल्या शब्दांचा थेट उगम बोले ठराव आहे असा माझा दावा नाही. तशा तरतुदींच्या मागे अनेकांचे काम आहे. पण ज्याला आपण निकामी कागद म्हणतो त्यातली कसोटी सत्तावीस वर्षांत देशाच्या मूलभूत हक्कांत जाऊन बसली, एवढे तरी नाकारता येणार नाही.

मग हा गैरसमज टिकला का? पुढे बोले आणि आंबेडकर यांचे राजकीय मार्ग वेगळे झाले, त्यामुळे कुठल्याच बाजूने बोलेंची आठवण नीट जपली नाही, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे: आपल्याला हौतात्म्य कळते, सभागृहातले काम कळत नाही. आमच्या तालुक्यातले भाई कोतवाल घ्या. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले, ते आम्ही दर वर्षी आठवतो आणि आठवायलाच हवे. पण तेच भाई माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, शेतकऱ्यांसाठी धान्याची पेढी आणि शाळा चालवत होते, हे किती भाषणांत येते? लोकप्रतिनिधीचे काम म्हणजे मसुदे, मतदान, अनुदान, अंमलबजावणीचा पाठपुरावा. ते चित्रात नीट बसत नाही, म्हणून आपण त्याला कागदी म्हणून बाजूला सारतो. त्यातून आजच्या सरपंचाला आणि पंचायत समितीच्या सभासदालाही चुकीचा धडा मिळतो, की ठराव केला काय आणि न केला काय, सारखेच.

महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला जे हजारो लोक गेले त्यांच्या धैर्याला तोड नाही, आणि ते धैर्य नसते तर बोले ठराव खरोखरच फायलीत पडून राहिला असता. पण ते लोक हक्क मागायला नव्हे तर मिळालेला हक्क वापरायला गेले, म्हणून अडवणाऱ्यांना नगरपालिकेत मत बदलावे लागले, कलेक्टरकडून रिकाम्या हाताने परतावे लागले आणि तीन न्यायालयांत हरावे लागले. मिळालेला हक्क, ही त्यातली अर्धी कामगिरी सीताराम केशव बोले यांची आहे.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींना माझी एक विनंती आहे. येत्या ४ ऑगस्टला सभेत १९२३ चा ठराव वाचून दाखवावा, आणि आपल्या हद्दीतल्या प्रत्येक सार्वजनिक विहिरीवर, टाकीवर व नळकोंडाळ्यावर ती कोणत्या निधीतून, कोणत्या साली बांधली आणि ती सर्वांसाठी खुली आहे, हे ठळक अक्षरांत लिहावे.